अंग आंबते ते आम्लामुळे नव्हे

शाळेच्या सहलीत सिंहगड चढून उतरलेल्या मुलांची एक तक्रार ठरलेली असते. त्या दिवशी नुसता दमवा जाणवतो. खरे हाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतात. जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. ‘अंग आंबले’, असे घरची वडील माणसे म्हणतात. या शब्दामुळे असेल किंवा जुन्या पुस्तकांमुळे, पण हे दुखणे स्नायूंत साठलेल्या लॅक्टिक आम्लाचे, ही समजूत अजून पक्की आहे.

हे आम्ल, म्हणजे दह्यातलेच दुग्धाम्ल, जोराच्या श्रमात स्नायूंत तयार होते हे खरे. परंतु विश्रांती घेतली की साधारण तासाभरात त्याचे प्रमाण पूर्ववत होते. हृदय व इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, तर यकृत त्यातल्या काहीची पुन्हा साखर बनवते. मग दुसऱ्या दिवशी दुखवायला ते उरतेच कोठे?

१९८३ साली अमेरिकेत फिरत्या पट्ट्यावर ४५ मिनिटे पळण्याचे दोन प्रकार तपासले गेले : सपाटीवर आणि उतारावर. सपाटीवर पळताना रक्तातील आम्ल वाढले, पण नंतर पाय फारसे दुखले नाहीत. उतारावर आम्ल वाढले नाही. पाय मात्र चांगलेच दुखले!

चढताना मांडीचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तो ब्रेकचे काम करतो, म्हणजे ताण धरून ठेवतो आणि त्याच वेळी लांबतही जातो. या ओढाताणीत त्याच्या तंतूंची सूक्ष्म रचना जागोजाग विस्कटते. दुरुस्ती सुरू होते, थोडी सूज येते, मज्जातंतू हळवे होतात. याला वेळ लागतो, म्हणून दुखणे २४ ते ७२ तासांत कळसाला पोहोचते. स्नायूंतील अशा फाटण्याची कल्पना थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच मांडली होती.

पडताळा घ्यायचा आहे? एका बळकट पायरीवर दहा मिनिटे चढ-उतार करा. उजवा पाय आधी वर आणि उजवाच आधी खाली. दुखेल ती डावी मांडी! का, ते तुम्हीच शोधा. आठवड्याने हाच प्रयोग पुन्हा केला, तर दुखणे बरेच कमी असेल. तेव्हा गडावर जाण्यापूर्वी थोडा उतरण्याचाही सराव करावा.

पळता पळता पोटरीत येणारा गोळा ही निराळी गोष्ट. तो पाय हळूहळू ताणला की सुटतो. मात्र अतिश्रमानंतर पाय फार सुजले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर दुर्लक्ष करू नये. स्नायूंतील मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करू शकते. मुले लाजून हे सांगत नाहीत. शिक्षकांनी आपण होऊन विचारावे, आणि तसे असल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.