अहवाल निर्दोष, तरी अंग दुखते : दीर्घकालीन वेदना व फायब्रोमायाल्जिया

बोरसी व भिलाई-दुर्ग परिसरातील मराठी कुटुंबांसाठी, तसेच आरोग्य केंद्रात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपत्रक

रक्ताच्या चाचण्या झाल्या, एक्स-रे काढला, ‘काही दोष नाही’ असे सांगण्यात आले. तरीही मान, खांदे, पाठ, कंबर व मांड्या यांतील ठणका थांबत नाही. रात्रभर अंथरुणावर पडूनही सकाळी झोप झाल्यासारखे वाटत नाही. घरातील माणसे प्रथम काळजी करतात, नंतर शंका घेऊ लागतात आणि अखेरीस रुग्णाचाच स्वतःवरचा विश्वास उडतो. आपली किंवा आपल्या घरातील कोणाची अशी अवस्था असल्यास हे पत्रक सावकाश वाचावे व घरातील इतरांनाही वाचून दाखवावे.

अहवालात न दिसणारी वेदनाही खरी असते. तिच्यावर उपाय आहेत. मात्र त्यांत गोळ्यांचा वाटा मर्यादित असून नियमित हालचाल, झोप व घरच्यांचा विश्वास यांचा वाटा मोठा आहे.

१. दीर्घकालीन वेदना म्हणजे काय?

भाजले, मुरगळले किंवा हाड मोडले, तर होणारी वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते. जखम भरली की ती ओसरते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार परतणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, तिला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. म्हणजेच ती केवळ दुसऱ्या आजाराचे लक्षण असते असे नाही. कधी ती स्वतःच एक आजार असते.

फायब्रोमायाल्जिया हा त्यांपैकीच एक आजार. यात अंगाच्या अनेक भागांत वेदना, सततचा थकवा, ताजेतवाने न करणारी झोप आणि विसराळूपणा किंवा लक्ष न लागणे ही लक्षणे एकत्र आढळतात. शंभर प्रौढांपैकी साधारणपणे दोन ते चार जणांना हा त्रास असतो. स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो, परंतु पुरुषांनाही होतो. या आजाराने सांधे झिजत नाहीत, स्नायू नष्ट होत नाहीत व तो संसर्गजन्य नाही.

२. अहवालात दिसत नाही, तर वेदना खरी कशी?

दारावर बसवलेली धोक्याची घंटा चोर आल्यावर वाजावी अशी अपेक्षा असते. तीच घंटा वाऱ्याच्या झुळकीनेही वाजू लागली, तर दाराची तपासणी करून दोष सापडणार नाही. बिघाड घंटेच्या संवेदनशीलतेत आहे. फायब्रोमायाल्जियात मेंदू व मज्जासंस्था यांची वेदनेविषयीची संवेदनशीलता अशीच वाढलेली असते.

अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब देण्यात आला आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. निरोगी व्यक्तीस जितकी वेदना बऱ्याच अधिक दाबाने होई, तितकीच वेदना रुग्णास हलक्या दाबाने होत असे, आणि मेंदूतील वेदनेची केंद्रे त्याप्रमाणे उद्दीपित झालेली दिसत. रुग्ण ढोंग करीत नाही, याचे हे दृश्य प्रमाण होय.

झोपेचा संबंधही महत्त्वाचा आहे. १९७०च्या दशकात कॅनडातील डॉ. हार्वे मोल्डोफ्स्की यांनी निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप मुद्दाम मोडली असता त्यांनाही अंगदुखी व थकवा जाणवू लागला. पोलाद कारखान्याच्या या परिसरात अनेक घरांचे दिवस-रात्र पाळ्यांवर ठरते. रात्रपाळी करणाऱ्यांची, तसेच त्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या घरच्यांचीही झोप तुटते, हे वेदनेच्या उपचारात विसरून चालणार नाही.

३. परिचारिकांच्या संशोधनाने काय शिकवले?

वेदनेच्या उपचारात परिचारिकांचे कार्य गोळी देणे व पट्टी बांधणे एवढेच मानले जाते. प्रत्यक्षात या विषयातील काही मूलभूत ज्ञान परिचारिकांनी दिले आहे.

पहिली शिकवण : रुग्णाचे म्हणणे हाच आरंभ. १९६८ मध्ये अमेरिकेतील परिचारिका मार्गो मॅकॅफ्री यांनी असा विचार मांडला की, वेदना अनुभवणारी व्यक्ती जे सांगते तेच वेदनेचे स्वरूप मानावे. वेदना मोजणारे यंत्र नाही. म्हणून रुग्णाचे शब्द हेच पहिले मोजमाप ठरते.

दुसरी शिकवण : आजाराचे मोजमाप रोजच्या कामांवरून करावे. १९९१ मध्ये ओरेगॉन येथील परिचारिका-संशोधक कॅरोल बर्कहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी फायब्रोमायाल्जियाच्या परिणामांची प्रश्नावली तयार केली. तीत स्वयंपाक, कपडे धुणे, बाजारहाट, चालणे यांसारखी कामे गेल्या आठवड्यात कितपत जमली, हे विचारले जाते. रक्ताचा अहवाल जे सांगू शकत नाही, ते ही साधी उत्तरे सांगतात. पुढे जगभर उपचारांचा परिणाम मोजण्यासाठी हीच प्रश्नावली वापरली गेली.

तिसरी शिकवण : हालचालीने अपाय होत नाही, ती योग्य मात्रेत हवी. परिचारिका-संशोधक किम ड्युप्री जोन्स यांच्या २००२ मधील अभ्यासात ६८ स्त्रियांना १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, स्नायू बळकट करणारे किंवा अंग ताणण्याचे व्यायाम देण्यात आले. दोन्ही गटांत सुधारणा झाली. बळकटीच्या व्यायामांचा लाभ थोडा अधिक दिसला. त्यांच्याच सहभागाने २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५३ स्त्रियांपैकी ज्यांना आठ आठवडे सौम्य आसने, प्राणायाम, ध्यान व एकमेकींशी चर्चा असा कार्यक्रम देण्यात आला, त्यांची वेदना व थकवा कमी झाला.

हे अभ्यास लहान गटांवरचे होते. म्हणून कोणताही एक व्यायाम सर्वांस लागू पडेल असे समजू नये. तथापि अनेक अभ्यास एकत्र तपासून युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत सर्व उपायांपैकी केवळ व्यायामासच ठाम शिफारस मिळाली. औषधांस ती मिळालेली नाही.

४. आधी इतर आजार तपासून घ्यावेत

प्रत्येक अंगदुखी म्हणजे फायब्रोमायाल्जिया नव्हे. थायरॉईडची कमतरता, रक्तक्षय, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेहातील नसांचा विकार व सांध्यांना सूज आणणारा संधिवात यांतही अंग दुखते. या प्रत्येकावर वेगळा उपचार आहे.

छत्तीसगडमध्ये आणखी एक तपासणी टाळू नये, ती सिकलसेलची. या राज्यात हा आनुवंशिक रक्तविकार अनेक समाजांत आढळतो. हाडे व सांधे यांत अचानक उठणारी तीव्र कळ, डोळे पिवळे दिसणे व वारंवार रक्त कमी होणे ही त्याची लक्षणे होत. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. सिकलसेलची कळ उठल्यास पुढे दिलेला हालचालीचा क्रम करू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

फायब्रोमायाल्जियाचे निदान डॉक्टर लक्षणे ऐकून व तपासून करतात. त्यासाठी महागड्या चाचण्या पुन्हा पुन्हा करण्याची आवश्यकता नसते.

५. घरी करावयाचा सहा आठवड्यांचा पाठ

अनेकांची चूक अशी होते : बरे वाटलेल्या दिवशी साचलेली सर्व कामे उरकायची, घर झाडून-पुसून घ्यायचे, गहू निवडायचे, कपड्यांचा ढीग धुवायचा, आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे. या चढउताराने मज्जासंस्था अधिकच चिडते आणि काम म्हणजे वेदना अशी भीती मनात बसते. त्याऐवजी पुढील क्रम पाळावा.

पहिला आठवडा : फक्त नोंद. एका वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात : वेदना ० ते १० पैकी किती, झोप किती तास, किती मिनिटे चाललो, कोणते काम जमले किंवा जमले नाही.

दुसरा आठवडा : वाईट दिवशीही दुसऱ्या दिवशी त्रास न वाढता जितकी मिनिटे चालता येते, त्याहून थोडे कमी चालावे. दहा मिनिटे जमत असतील, तर आठ मिनिटांनी आरंभ करावा. बरे वाटले तरी आठच, कंटाळा आला तरी आठच.

तिसरा व चौथा आठवडा : दर तीन-चार दिवसांनी एक मिनिट वाढवावे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे व भिंतीला हात लावून टाचा उचलणे हे व्यायाम आठवड्यातून दोनदा, पाच-पाच वेळा करावेत. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात चालणे सूर्योदयाच्या सुमारास उरकावे.

पाचवा व सहावा आठवडा : मोठ्या कामाचे तुकडे पाडावेत. पोळ्या लाटताना उंच स्टूल घ्यावे, वीस मिनिटांच्या कामानंतर पाच मिनिटे थांबावे. शवासन किंवा संथ श्वसन रोज दहा मिनिटे करावे. निजण्याची व उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी. पाळीमुळे ते शक्य नसल्यास दिवसा झोपताना खोलीत अंधार करावा व घरच्यांनी त्या वेळी शांतता राखावी. सायंकाळनंतर चहा टाळावा.

आरंभी एक-दोन आठवडे वेदना किंचित वाढणे स्वाभाविक आहे. वाढ दोन दिवसांत न ओसरल्यास मिनिटे कमी करावीत, चालणे पूर्णपणे सोडू नये. हृदयविकार, दम्याचा तीव्र त्रास, गर्भारपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास प्रथम डॉक्टरांस विचारावे.

सहा आठवड्यांनी वही घेऊन आरोग्य केंद्रात जावे. वेदनेचा आकडा तोच असूनही बाजारापर्यंत चालता येऊ लागले असेल, तर ती खरी सुधारणा आहे.

६. औषधांविषयी सावधानता

प्रेगॅबालिन, ड्युलोक्सेटिन व रात्री अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलिन ही औषधे काही रुग्णांस उपयोगी पडतात, सर्वांस नाही. गुंगी, वजनवाढ, मळमळ असे परिणाम होऊ शकतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत व एकाएकी बंद करू नयेत.

• दुकानातून मागून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्याने जठरात व्रण, रक्तस्राव व मूत्रपिंडास इजा होऊ शकते. फायब्रोमायाल्जियात त्यांचा उपयोगही फारसा होत नाही.

• अफूवर्गीय गोळ्यांची सवय लागते. २०१८ पासून ट्रॅमाडॉलवर अमली पदार्थांच्या कायद्याचे नियंत्रण आहे.

• ‘सर्व वातांवर एकच औषध’ म्हणून नावाशिवाय पुडीत मिळणारी चूर्णे व गोळ्या घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळून आले आहे. चार दिवसांत जादूसारखा आराम पडतो. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते व हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी अनेक आठवडे घेतली असल्यास ती स्वतःहून अचानक बंद करू नये, पुडीसह डॉक्टरांकडे जावे. यात लाज बाळगण्याचे कारण नाही; लपविण्यात धोका आहे.

• दीर्घकालीन कंबरदुखीसाठी पट्टे व वजनाने ताण देणे यांची सरसकट शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत केलेली नाही.

७. ही लक्षणे दिसल्यास थांबू नका

ताप, कारणाविना घटणारे वजन, सांध्यांवर दिसणारी सूज, हातापायांतील वाढती अशक्तता, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेभोवती बधिरता, छातीत दुखणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे : यांपैकी काहीही असल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी. आणीबाणीत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

सततच्या वेदनेने जगणे नकोसे वाटू शकते. असे विचार येत असल्यास टेली-मानस या निःशुल्क सेवेस १४४१६ वर कोणत्याही वेळी दूरध्वनी करावा.

८. घरच्यांसाठी

‘सगळे मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य घरात उच्चारू नये. त्याचप्रमाणे अतिकाळजीने ‘तू उठूच नकोस’ असेही म्हणू नये; पूर्ण विश्रांतीने स्नायू दुर्बल होतात. सासूबाईंनी सुनेस, मुलांनी आईस, पतीने पत्नीस एवढेच विचारावे : ‘आज किती दुखते आहे? कोणते काम मी करू?’ पाणी भरणे, जड पिशव्या उचलणे ही कामे वाटून घ्यावीत आणि संध्याकाळी आठ मिनिटे चालायला सोबत जावे.

९. कोठे जावे?

आपल्या वस्तीतील मितानिन ताईंशी बोलावे. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात प्राथमिक तपासणी होते व ई-संजीवनीद्वारे डॉक्टरांचा दूरसल्लाही मिळतो. आवश्यकता भासल्यास तेथून दुर्ग येथील जिल्हा रुग्णालयात किंवा रायपूर येथील एम्समध्ये पाठविण्यात येते. जाताना जुने अहवाल, सर्व औषधांची पाकिटे व आपली वही सोबत न्यावी. गर्दीत सारे सांगणे जमत नसल्यास वहीचे शेवटचे पान परिचारिकेस दाखवावे.

उजळणी

• अहवाल चांगला आहे, म्हणजे वेदना खोटी आहे का? — नाही.
• बरे वाटलेल्या दिवशी सर्व कामे उरकावीत का? — नाही. ठरवलेले तेवढेच करावे.
• चालल्याने आजार वाढतो का? — नाही. थोडे, नियमित व हळूहळू वाढवलेले चालणे हाच सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय आहे.
• नाव नसलेली पुडी घ्यावी का? — कधीही नाही.

आजच एक वही काढावी, तारीख घालावी व पहिली ओळ लिहावी.