प्रेस शॉपमध्ये कान गेले, खर्च कोणाचा?

प्रश्न : पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्या कामगाराला ऐकू कमी येऊ लागले आहे. पगार १८,००० रुपये असून ईएसआय कापला जातो. कारखान्याकडे आयएसओ ४५००१ प्रमाणपत्र आहे. तपासणीचा खर्च कोणाचा? भरपाई मिळते का?

उत्तर : खर्च मालकाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० नुसार व्यवसायजन्य रोग शोधण्यासाठीच्या तपासणीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. त्यामुळे ऑडिओमेट्रीचे, म्हणजे श्रवण तपासणीचे बिल पगारातून वळते करणे बेकायदा ठरते. आवाजामुळे आलेला बहिरेपणा कायद्याच्या यादीत आहे. निदान करणाऱ्या डॉक्टरने तो सरकारी यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे.

भरपाई ईएसआयकडून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतून मिळते. २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारा कामगार या योजनेत येतो. १८,००० रुपयांवर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये आणि मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये दरमहा भरले जातात. साध्या आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतन मिळते आणि त्यासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली लागते. व्यवसायजन्य रोग मात्र कामावरील इजेसारखा धरला जातो. त्याला वर्गणीच्या दिवसांची अट नाही. तात्पुरत्या अपंगत्वात सुमारे ९० टक्के वेतन मिळते. कायमचे नुकसान असल्यास वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात दरमहा लाभ देय होतो. म्हणून दावा साध्या आजाराचा न करता व्यवसायजन्य रोगाचाच करावा. प्रेस शॉपमधील सेवेची नोंद आणि आधीचे ऑडिओमेट्री अहवाल सोबत जोडावेत.

आयएसओ ४५००१ हे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा व आरोग्याचे २०१८ सालचे ऐच्छिक मानक असून त्यातून भरपाईचा हक्क मिळत नाही. मात्र प्रमाणपत्र घेतलेल्या कारखान्याला धोके शोधणे, कायद्याचे पालन तपासणे आणि कामगारांशी सल्लामसलत करणे भाग असते. यंत्राचा आवाज मुळातच कमी करणे किंवा ते बंदिस्त करणे हे उपाय आधी, कामाच्या पाळ्या बदलणे त्यानंतर आणि इअरप्लग सर्वांत शेवटी, असा मानकाचा क्रम आहे. कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. प्रेस शॉपमधील मोजणीच्या नोंदी सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी मागाव्यात. दाद लागली नाही, तर महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते. लाभाचा अर्ज ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्यावा.