जुनी अमेरिकन खिशातली घड्याळं: छंदातून धंदा करायचाय? मग आधी मशीन वाचायला शिका



जुन्या वस्तूंच्या व्यवसायावरचा व्हिडिओ आल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, आजोबांचं साखळीचं घड्याळ घरात आहे. इंटरनेटवर असंच घड्याळ लाखाला दिसतं. यात धंदा होईल का?"

होईल. पण किंमत बघून या धंद्यात उतरलेला माणूस पहिल्या वीस हजारांतच गारद होतो. इथे भांडवल पैशाचं कमी आणि माहितीचं जास्त लागतं. म्हणून आजचा धडा अमेरिकन घड्याळांवर आहे, कारण शिकायला यांच्याइतका सोपा माल दुसरा नाही. का, ते पुढे कळेल.

१. थोडा इतिहास, कारण भाव इतिहासाचाच मिळतो

१८५० च्या सुमाराला अमेरिकेत ॲरन डेनिसन आणि त्यांच्या भागीदारांनी एक वेगळा विचार केला. तोवर घड्याळ म्हणजे कारागिराने एकेक भाग घासून जुळवलेली वस्तू. त्यांनी ठरवलं, भाग यंत्रावर करायचे आणि ते इतके सारखे करायचे की एका घड्याळाचा भाग दुसऱ्यात बसला पाहिजे. यातूनच पुढे वॉल्थॅम कंपनी उभी राहिली. १८६४ मध्ये एल्जिन आली, १८९२ मध्ये हॅमिल्टन. वॉल्थॅमने एकूण सुमारे ४ कोटी आणि एल्जिनने सुमारे ६ कोटी घड्याळं बनवली.

१८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही घड्याळं पाहून स्विस लोक हादरले. जाक डेव्हिड या त्यांच्या इंजिनिअरने अमेरिकेतले कारखाने पाहिले आणि परत येऊन आपल्या लोकांना बजावलं, बदला, नाहीतर बाजार गेला. स्विस बदलले, आणि पुढच्या शतकात अमेरिकन कंपन्या मागे पडून बंद होत गेल्या. उद्योजकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे ही.

दुसरी घटना एप्रिल १८९१ मधली. ओहायो राज्यातल्या किप्टनजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. चौकशीत निघालं की एका ड्रायव्हरचं घड्याळ साधारण ४ मिनिटं बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं. त्यानंतर वेब बॉल नावाच्या जवाहिऱ्याकडे रेल्वेची घड्याळं तपासायचं काम आलं आणि रेल्वेच्या घड्याळांना कडक नियम लागले: तबकडी उघडी, आकडे ठळक, किमान १७ ज्वेल्स, आठवड्यात फरक ३० सेकंदांच्या आत. आजही संग्राहक 'रेलरोड ग्रेड' घड्याळाला जास्त पैसे मोजतो, तो या शिस्तीसाठी.

२. आणि आपल्या बुलढाण्याचं काय?

आपला जिल्हा या गोष्टीपासून वाटतो तेवढा लांब नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच युद्धात वॉल्थॅमने सैनिकांना परवडतील अशी घड्याळं विकून धंदा वाढवला. इकडे मलकापूर, नांदुरा, शेगाववरून रेल्वे नागपूरकडे गेली आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही सुमारे १३ किलोमीटरची लाईन खास खामगावच्या कापूस बाजारासाठी टाकली गेली. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. जिथे रेल्वे आणि व्यापारी, तिथे खिशातलं घड्याळ येणारच.

पण भ्रमात राहू नका. आपल्याकडच्या जुन्या घरांत निघणारं घड्याळ बहुतेक वेळा स्विस असतं. वेस्ट एंड, फाव्र-ल्यूबा अशी नावं मुंबईतून सगळीकडे पोचली होती. अमेरिकन घड्याळ क्वचित सापडतं. म्हणून "आमच्या गावात खजिना दडलाय" या हिशोबाने धंदा मांडायचा नाही.

३. घड्याळ हातात आलं की काय बघायचं?

सराफ केसचं वजन करतो. संग्राहक केस उघडून मशीन बघतो. आपल्याला दुसऱ्याची नजर कमवायची आहे.

पहिलं, नंबर. अमेरिकन घड्याळाच्या मशीनवर कंपनीचं नाव आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. ज्वेल्सचा आकडाही बऱ्याचदा असतो. या अनुक्रमांकावरून साधारण कोणत्या वर्षीचं, कोणत्या दर्जाचं आणि कोणत्या आकाराचं मशीन आहे हे इंटरनेटवर फुकट बघता येतं. 'पॉकेट वॉच डेटाबेस' हे संकेतस्थळ त्यासाठीच आहे. जुन्या स्विस किंवा इंग्लिश घड्याळात इतकी सोय क्वचितच मिळते. म्हणून म्हटलं, शिकायला हा माल सोपा. फक्त नंबर मशीनवरचा घ्यायचा, केसवरचा नाही. केसचा नंबर केस बनवणाऱ्या वेगळ्या कंपनीचा असतो.

दुसरं, जोडी. त्या काळी अमेरिकेत गिऱ्हाईक दुकानात मशीन वेगळं निवडायचं आणि केस वेगळी. त्यामुळे दोन्हीवर वेगळी नावं दिसली म्हणजे फसवणूक झाली असं नाही. पण केसच्या आतल्या कडेला स्क्रूच्या खुणांच्या दोन जोड्या दिसल्या, तर मशीन नंतर बदललेलं आहे असं समजा. भाव कमी करा.

तिसरं, धातू. इथे नवखा माणूस हमखास फसतो. केसमध्ये "२० वर्षांची हमी" किंवा "२५ वर्षांची हमी" असा इंग्रजी शिक्का असेल, तर ते भरीव सोनं नाही. ते 'गोल्ड फिल्ड' आहे, म्हणजे हलक्या धातूवर सोन्याचा पातळ पत्रा. हमी त्या पत्र्याची होती. तसंच 'सिल्व्हरॉइड', 'सिल्व्हरोड', 'सिल्व्हरीन' या नावांत सिल्व्हर आहे, पण धातूत चांदी नाही. तो निकेलचा मिश्रधातू. 'कॉइन सिल्व्हर' मात्र खरी चांदी. खामगाव चांदीसाठी नावाजलेलं गाव आहे. शंका आली तर तिथल्या जाणकार सराफाला केस दाखवा आणि दहा मिनिटांत खात्री करून घ्या.

चौथं, तबकडी. जुनी तबकडी बहुतेक चिनी मातीसारखी चकचकीत, इनॅमलची असते. उजेडात तिरकी धरा, केसासारखी चीर दिसेल. चीर असली तर भाव उतरतो. पण जुन्या घड्याळाची तबकडी अगदी कोरी करकरीत दिसत असेल, तर जास्त संशय घ्या.

पाचवं, हात आवरा. रेल्वेच्या बऱ्याच घड्याळांत वेळ लावायला चावी वर ओढायची नसते. पुढची काच-कडी फिरवून काढायची, तबकडीच्या कडेचा छोटा लिव्हर बाहेर ओढायचा आणि मग काटे फिरवायचे. हे माहीत नसलेला माणूस "चावी जाम झालीय" म्हणून जोर लावतो आणि चालू घड्याळ मोडतो. पाठीमागचं झाकणही बऱ्याच घड्याळांत आट्यांचं असतं. सुरीने उचकटायचं नाही.

४. आता हिशोब मांडू

आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुमचे तुम्ही टाका.

समजा एक घड्याळ ५,००० ला घेतलं. मुंबईच्या चोर बाजारात जाण्या-येण्याच्या खर्चाचा वाटा ९००. साफसफाई आणि दुरुस्ती २,०००. काच आणि सुटे भाग ५००. पॅकिंग, कुरिअर ४००. एकूण ८,८००. विकलं १०,५०० ला. सुटले १,७००.

चांगलं वाटतं ना? आता चार घड्याळं घ्या. तीन विकली, नफा ५,१००. चौथं दुरुस्तच झालं नाही. त्यात गेले ५,९००, सुट्या भागांसाठी विकून आले १,५००, तोटा ४,४००. हातात उरले ७०० रुपये, आणि त्यासाठी ३२,३०० रुपये काही महिने अडकले.

दुसरी बाजू बघा. गिऱ्हाईकाचंच घड्याळ आहे. तुम्ही तपासणीचे २०० घेता. दुरुस्त होण्यासारखं असेल तर चांगल्या कारागिराकडून २,००० मध्ये करून आणता, कुरिअर ३००, बिल २,८००, आणि तपासणीचे २०० त्यातच धरता. सुटले ५००. चारपैकी तीन झाली तर १,५००, आणि चौथ्याचे तपासणीचे २००. एकूण १,७००. माल विकत घेण्यात एक रुपयाही अडकला नाही.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिलं वर्ष माल विकू नका, ओळख विका. "तुमच्या आजोबांचं घड्याळ कोणत्या सालचं, कोणत्या कंपनीचं, चालू होईल का" हे प्रामाणिकपणे सांगून एक छापील माहितीपत्रक देणं, ही सेवा आहे. घड्याळ विकायची इच्छा नसलेली कुटुंबंही तिचे पैसे देतात. चिखली, मेहकर, खामगाव, बुलढाणा, प्रत्येक तालुक्याच्या गावात घड्याळ दुरुस्तीचं एखादं जुनं दुकान शोधा. त्या काकांच्या हातात कला आहे आणि तुमच्या हातात मोबाईल. दोघं मिळून धंदा होतो. फक्त काकांची मजुरी घासाघीस करून पाडू नका. ते उठले तर तुमचा धंदाही उठला.

५. कायदा: इथे चूक परवडणार नाही

१९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा वाचा. कलाकुसरीच्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या किंवा जुन्या काळातलं विज्ञान दाखवणाऱ्या वस्तू १०० वर्षांहून जुन्या असल्या की त्या पुरावशेषांत येऊ शकतात. अशा वस्तू विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १९२० चं घड्याळ आज शंभरी ओलांडून गेलंय. तेव्हा "ऑनलाइन टाकू, अमेरिकेत विकू" हा बेत करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा. परदेशातून जुना माल मागवायचा असेल तर वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवरही बंधनं आहेत. आधी कस्टम्सच्या जाणकाराला भेटा. आणि खरेदीची पावती, विकणाऱ्याचं नाव-पत्ता, घड्याळाचा फोटो आणि मशीनचा नंबर यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. चोरीचा माल गळ्यात पडला तर हीच वही तुम्हाला वाचवेल.

६. नाव हेच भांडवल

परदेशी संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द चालतो. तो कौतुकाचा नाही. तबकडी नव्याने रंगवलेली, भाग चार घड्याळांचे, आणि वर "अस्सल जुनं" अशी जाहिरात, अशा आपल्याकडून गेलेल्या घड्याळांना ते हे नाव देतात. रंगवलेली तबकडी विकणं गुन्हा नाही. ती रंगवलेली आहे हे न सांगणं, हा धंद्याचा घात आहे. तुमच्या पत्रकावर स्पष्ट लिहा: "तबकडी बदललेली. केस मूळची नाही. मशीन चालू." असं लिहिणाऱ्याकडे गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देऊन परत येतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरातलं किंवा नात्यातलं एक जुनं घड्याळ शोधा. कोणत्याही कंपनीचं चालेल.
२. ते स्वतः उचकटू नका. दुरुस्तीवाल्या काकांकडून उघडून घ्या आणि मशीनचा स्वच्छ फोटो काढा.
३. नाव, नंबर, ज्वेल्स, केसवरचे शिक्के, तबकडीची अवस्था, या पाच ओळी वहीत लिहा.
४. त्यावरून एका पानाचं माहितीपत्रक तयार करा. किंमत लिहायची नाही.

अशी दहा पत्रकं झाली की अकरावं घड्याळ बघताना तुमची नजर बदललेली असेल. खिशात हात घालायची वेळ त्यानंतरची.

पत्रक तयार झालं की व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका, आपण त्यावर बोलू. भेटूया पुढच्या धड्यात!