संगणकापुढील हात : श्रम आणि विसावा

जो शेतकरी बैलांकडून नांगरट करून घेतो, तो दुपारी जू उतरवून त्यांस सावलीला बांधतो. कळफलकावर तासन्‌तास चालणाऱ्या बोटांसही असाच विसावा हवा, हे मात्र सुशिक्षितांच्याही ध्यानी येत नाही. कारण हे श्रम डोळ्यांस दिसत नाहीत.

राज्यात २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली; पुढे ‘यूडायस प्लस’ची भर पडली. धाराशिव जिल्ह्यातील भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंतच्या लहान शाळांत या नोंदी बहुधा शिक्षकासच कराव्या लागतात. रकाने बदलतात, बोटे व मनगट तेच राहते.

डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालील भाग धरून उजवी बोटे हलवावीत. तेथील स्नायू हलताना जाणवतात. बोटे हलविणारे मुख्य स्नायू तेथे असून त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटातील अरुंद मार्गाने बोटांकडे जातात. त्याच मार्गाने एक मज्जातंतूही जातो. मनगट वाकवून एकच हालचाल वारंवार केल्यास कंडरांवर ताण येऊन सूज येऊ शकते. मज्जातंतू दाबला गेला, तर अंगठा व लगतच्या बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो आणि पुढे हातातील खडूही निसटू लागतो.

हे दुखणे नवे नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवरील ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या व्यथेची तीन कारणे सांगितली : सततची बैठक, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरील ताण. लेखणीच्या जागी कळफलक आला. कारणे तीच राहिली.

म्हणून पुढील नियम पाळावेत :

१. कळफलक कोपराच्या उंचीस असावा. मनगट सरळ ठेवावे व कळा हलक्या हाताने दाबाव्यात.

२. माऊस कळफलकालगत ठेवावा.

३. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस व पडदा सुमारे हातभर अंतरावर असावा.

४. पाय जमिनीवर टेकावेत. मुलांचे पाय लोंबकळत असल्यास खाली पाट ठेवावा.

५. दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे मुठी उघडाव्या-मिटाव्यात, खांदे फिरवावेत.

६. माहिती अखेरच्या दिवसासाठी साठवू नये. रोज थोडी भरावी.

मुंग्या वा वेदना टिकून राहिल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. अशा दुखण्यास मधुमेहासारखी इतर कारणेही असू शकतात.

वर्गातील उपक्रम : विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. एकाने संगणकापुढे बसावे व दुसऱ्याने त्याची पाठ, मनगट आणि पाय तपासावेत. मग अदलाबदल करावी. बैठकीची सवय बालपणीच जडते. शिक्षक स्वतः मध्येच उठून हात मोकळे करीत असल्याचे मुलांनी पाहिले, तर निराळ्या उपदेशाची गरज फारशी उरत नाही.