पावसाची वही

नवी मुंबई खाडीकाठी वसली आहे. म्हणून येथील हवा दमट असते. मे महिन्यात फार उकडते. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे पाऊस आणतात. जुलैत सर्वांत जास्त पाऊस पडतो. हिवाळ्यात थंडी बेताचीच असते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला मात्र ७३ मिलिमीटरच झाला. एकाच शहरात केवढा हा फरक! मग आपल्या वस्तीचा पाऊस दुसरीकडच्या आकड्यावरून कसा कळणार?

मुलांनो, शाळेच्या मोकळ्या अंगणात पर्जन्यमापक ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजा. वर्षभर वहीत नोंद करा. पाऊस पडला नाही, तर शून्य लिहा. जागा कोरी ठेवू नका. शून्य म्हणजे पाऊस नाही. कोरी जागा म्हणजे मोजायचे राहिले.