स्वालबार्डची सफर: पैसे कुठे मोजावेत, कुठे वाचवावेत

नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर स्वालबार्ड हा द्वीपसमूह आहे. ध्रुवीय अस्वल, वॉलरस, आखूड पायांचे रेनडियर आणि लाखो समुद्रपक्षी यांचं हे घर. मुंबईहून तिथे जाऊन यायला माणशी अडीच-तीन लाखांपासून दहा-अकरा लाखांपर्यंत काहीही खर्च येऊ शकतो. एवढी तफावत हॉटेलच्या थाटामुळे पडत नाही. तुम्ही समुद्रावर किती दिवस काढता, यावर ती ठरते. म्हणून काय बघायचंय हे आधी ठरवा आणि मगच दर विचारा.

हिशेबाच्या सोयीसाठी इथे एक नॉर्वेजियन क्रोनर म्हणजे नऊ रुपये आणि एक युरो म्हणजे शंभर रुपये धरला आहे. दर अंदाजे आहेत. बुकिंगच्या दिवशीचा भाव पाहून आकडे खालीवर करून घ्या.

सुरुवात व्हिसापासून, कारण इथे अनेकांचं चुकतं. १९२० च्या स्वालबार्ड कराराप्रमाणे या बेटांवर जायला कोणालाच व्हिसा लागत नाही, हे खरं. पण विमान ऑस्लो किंवा ट्रॉम्सोवरूनच जातं, म्हणजे आपल्याला शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. शिवाय स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राच्या बाहेर आहे. तिथे जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही, अर्जात दोन किंवा अधिक प्रवेश स्पष्ट मागा. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे, त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा व्हिसासाठी सक्तीचाच आहे. त्यात आपत्कालीन हवाई वाहतूक आहे का, ते मात्र नीट वाचून घ्या. लाँगइयरब्येन या मुख्य गावात छोटं रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला हलवावं लागतं. व्हिसा आणि विमा मिळून माणशी पंधरा हजार रुपये धरा. उन्हाळ्यात मुंबई-ऑस्लो-लाँगइयरब्येन आणि परत असं तिकीट ९० हजार ते १ लाख ४० हजारांच्या आसपास पडतं.

आता पहिला मार्ग, लाँगइयरब्येनमध्ये मुक्काम करण्याचा. पाच रात्रींसाठी दोघांत साधी खोली घेतली, तर दिवसाला १,४०० ते २,००० क्रोनर लागतात. स्वयंपाकघर वापरता येईल अशीच जागा शोधा. उपाहारगृहातलं एक जेवण सहज २०० ते ३५० क्रोनरना पडतं, आणि शाकाहारी माणसाला निवडीला फारसा वाव नसतो. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, उपमा-पोह्यांची पाकिटं खुशाल न्या. तूप, पेढे, पनीर मात्र घरीच ठेवा, कारण युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. एक गोष्ट फायद्याची: स्वालबार्डमध्ये नॉर्वेचा मूल्यवर्धित कर लागत नाही. लोकरीचे मोजे किंवा हातमोजे कमी पडले, तर ऑस्लोऐवजी तिथेच घ्या.

या मुक्कामात फुकट बघण्यासारखं बरंच आहे, आणि तेच सगळ्यात दुर्लक्षित राहतं. रेनडियर गावातल्या रस्त्यांवर चरत फिरतात. पूर्वीच्या बेसुमार शिकारीनंतर १९२५ मध्ये त्यांना संरक्षण मिळालं, आणि आता ते माणसाला फारसे बिचकत नाहीत. गावाच्या कडेला स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांची आवारं आहेत. जूनमध्ये त्यांच्या लगतच्या उघड्या जमिनीवर ईडर बदकांच्या माद्या अंडी उबवत बसलेल्या असतात. साखळीला बांधलेले कुत्रे काही हातांवर भुंकत असतात आणि या आपल्या ढिम्म. कुत्र्यांच्या धाकाने कोल्हे तिकडे फिरकत नाहीत, हे त्यांना पक्कं कळलेलं असतं. रस्त्यावर उभं राहून हे सगळं दिसतं, तिकीट नाही. आर्क्टिक सुरय पक्ष्यांच्या घरट्यांजवळून मात्र जपून जा. ते थेट डोक्यावर झेप घेतात आणि चोच मारतात. शरीराच्या सर्वांत उंच भागावर त्यांचा रोख असतो, म्हणून काठी डोक्याच्या वर धरायची आणि चटकन तिथून बाजूला व्हायचं.

गावाच्या हद्दीबाहेर एकट्याने चालत जायचं नाही. अस्वल कुठेही येऊ शकतं, त्यामुळे बाहेर पडणाऱ्याकडे त्याला पळवून लावण्याचं साधन असावंच लागतं, आणि बंदूकही बाळगावी असा सल्ला दिला जातो. पर्यटकाने त्या फंदात न पडता सशस्त्र गाईडसोबतच जावं.

पाण्यावरची एक दिवसाची सहल साधारण २,००० ते ३,००० क्रोनरना पडते. उघड्या वेगवान बोटीवर गरम, तरंगणारा पोशाख कंपनीच देते, म्हणून भारतातून महागडं जाकीट घेऊन जायची गरज नाही. पहिली पसंती वॉलरसच्या सहलीला द्या. वॉलरस किनाऱ्यावर एकमेकांना चिकटून पडलेले असतात आणि वारा आपल्या दिशेने असेल तर दिसण्याआधी त्यांचा वास येतो. थंड पाण्यातून नुकताच वर आलेला वॉलरस फिकट राखाडी दिसतो, कारण रक्त कातडीकडून आत गेलेलं असतं. थोडा वेळ उन्हात पडला की रक्त परत येतं आणि तोच प्राणी तांबूस गुलाबी होतो. १९५२ मध्ये त्यांना संरक्षण मिळालं तेव्हा इथे जेमतेम उरले होते. आजचे कळप ही त्या कायद्याची कमाई आहे.

या मार्गाचा एकूण खर्च माणशी अडीच ते तीन लाख. त्यात दोन बोट सहली, ऑस्लोतली एक रात्र आणि कपडे-दुर्बिणीचे पंचवीस हजार धरले आहेत. एवढ्या पैशांत ध्रुवीय अस्वल दिसेल, अशी आशा धरू नका. एका दिवसाच्या सहलीत ते क्वचितच दिसतं.

अस्वलासाठी जायचं तर दुसरा मार्ग, आठ ते दहा दिवसांची छोट्या जहाजाची मोहीम. तीन किंवा चार जणांच्या केबिनमधली जागा साधारण ५,००० युरोंपासून सुरू होते, दोघांची खिडकीची केबिन माणशी ९,००० च्या घरात जाते. एकट्याला पूर्ण केबिन हवी असेल तर दीडपट किंवा त्याहून अधिक. विमान, व्हिसा, हॉटेलच्या रात्री आणि कर्मचाऱ्यांची टिप मिळवली की बेरीज सात ते अकरा लाख होते.

इथे पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. जहाजावर प्रवासी किती? १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित क्षेत्रात २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला मज्जाव आहे, आणि त्या क्षेत्रात उतरायच्या जागाही ४३ च ठेवल्या आहेत. स्वस्त दिसणारं हजार-दोन हजार प्रवाशांचं जहाज ‘स्वालबार्ड’ म्हणून विकलं जातं, पण ते प्राण्यांच्या मुख्य इलाख्यात शिरूच शकत नाही. दुसरं, पूर्ण दिवस किती? पहिल्या दिवशी संध्याकाळी निघायचं आणि शेवटच्या दिवशी सकाळी उतरायचं, म्हणजे आठ दिवसांच्या जाहिरातीत हाती सहाच लागतात. तिसरं, इंधन अधिभार आणि रद्द करण्याच्या अटी काय? कंपनी आर्क्टिक मोहीम जहाजांच्या ‘एको’ या संघटनेची सभासद असेल तर उत्तम.

महिना जुलै निवडा. अस्वलापासून ठेवायचं किमान अंतर मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर आहे, १ जुलैपासून ते ३०० मीटर होतं. शिवाय जुलैमध्ये गिलेमॉट पक्ष्यांचे कडे गजबजलेले असतात. महिन्याच्या उत्तरार्धात पिल्लं उडता येण्याआधीच कड्यावरून समुद्रात उड्या घेऊ लागतात आणि ऑगस्टमध्ये कडे ओस पडतात.

तीनशे मीटर म्हणजे शिवाजी पार्कच्या एका कडेच्या कट्ट्यावरून समोरच्या कट्ट्याकडे पाहिल्यासारखं. बर्फावर अस्वल पांढरं नाही, सायीसारखं पिवळसर दिसतं, आणि साध्या डोळ्यांना तो एक ठिपका असतो. मोबाइलने तर काहीच हाती येत नाही. म्हणून केबिन एक पायरी खालची घ्या, पण ८ × ४२ ची चांगली दुर्बीण प्रत्येकाच्या गळ्यात हवी. दहा ते वीस हजारांत ती मिळते आणि परतल्यावर भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी आयुष्यभर कामी येते. दोघांत एक दुर्बीण ही काटकसर करू नका.

भारतातल्या पर्यटन कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर जीएसटीखेरीज टीसीएस, म्हणजे उगमाशीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर, आकारला जातो. टीसीएस हा जादा खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. पावतीवर पॅन नंबर बरोबर आहे ना, तेवढं पाहा.

काही जहाजं न्यू-ऑलेसुंडला थांबतात. तिथे भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोमधल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. संवेदनशील उपकरणांमुळे या वस्तीत मोबाइलचं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं.

मोहिमेत किनाऱ्यावर जाण्यासाठी छोट्या होडीत करावी लागणारी चढ-उतर जमणार नसेल, तर कॅनडातलं चर्चिल गाठा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हडसन उपसागर गोठण्याची वाट पाहत अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि उंच चाकांच्या गाडीत बसून ती बघता येतात. खर्च मोहिमेएवढाच. तिथल्या अस्वलांची संख्या २०१६ मध्ये ८४२ होती, २०२१ मध्ये ६१८ वर आली. बर्फ उशिरा गोठतो आणि लवकर वितळतो, त्यामुळे सील पकडायला मिळणारे दिवसच घटत चालले आहेत. बजेट तीन लाखांच्या आत असेल आणि मोठा प्राणी हवाच असेल, तर उत्तर नॉर्वेतलं आंदेनेस पाहा. स्पर्म व्हेल तिथे किनाऱ्यापासून जवळच्या खोल पाण्यात येतात.

अस्वल दिसण्याची हमी देणाऱ्या जाहिरातीपासून लांब राहा, ती कोणीही देऊ शकत नाही. आणि दिसलंच, तर एवढे लाख मोजलेत म्हणून ‘अजून थोडं जवळ घ्या’ असं गाईडला म्हणू नका. अस्वल स्वतःहून जवळ आलं तरी मागे हटायचं असा नियम आहे, आणि तो पाळणाऱ्या कंपनीलाच आपले पैसे जाऊ द्या.