उन्हाळा, वीज आणि पंखा : घरासाठी व कामाच्या जागेसाठी योग्य निवड

वर्धा नदीच्या काठी वसलेले घुग्घुस हे चंद्रपूर जिल्ह्यातील कोळशाचे गाव. सभोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, लोखंडाचा उद्योग आणि त्यांच्या आधाराने वाढलेली कामगारांची वस्ती. एकेकाळी ग्रामपंचायतीचा कारभार असलेल्या या गावाला आता नगर परिषद लाभली आहे. एप्रिल उजाडला की येथील ऊन अंगावर येऊ लागते आणि मे महिन्याच्या अखेरीस, नवतपाच्या दिवसांत, त्याची तीव्रता शिगेला पोहोचते. चंद्रपूर जिल्ह्यात ४५ अंश सेल्सिअसची नोंद ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. २०१९ च्या मे महिन्यात तर चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्याही वर गेला होता. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले की भारतीय हवामान खाते त्यास उष्णतेची लाट म्हणते आणि ४७ अंशांवर गेले की तीव्र लाट. येथील माणसे या दोन्ही रेषांच्या आसपास दरवर्षी काही दिवस काढतात.

अशा वेळी घराघरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत पहिला आधार असतो तो विजेच्या पंख्याचा. गरिबाच्या खोलीतही एखादा पंखा असतोच. परंतु पंखा कोणता घ्यावा, तो कोठे बसवावा आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर कोठवर विसंबावे, याचा विचार क्वचितच केला जातो. हा विचार केवळ सोयीचा नाही. भर दुपारी टिनाच्या खोलीत पंखा लावून झोपलेली वृद्ध व्यक्ती सुरक्षित आहे, असे घरातील मंडळी समजतात. हा समज नेहमीच खरा नसतो.

पंखा हवा थंड करीत नाही

पंख्याविषयीची पहिली गोष्ट हीच की, तो हवा थंड करीत नाही. तो केवळ हवा हलवितो. आपल्या त्वचेचे तापमान साधारणपणे ३५ अंश असते. भोवतालची हवा त्याहून थंड असेल, तर वाहती हवा शरीराची उष्णता काढून नेते. शिवाय ती अंगावरचा घाम लवकर वाळविते आणि घाम वाळताना शरीरातील उष्णता खर्ची पडते. या दोन क्रियांमुळे आपणांस गारवा जाणवतो. खोलीचे तापमान मात्र होते तेवढेच राहते. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवल्याने खोली थंड होत नाही, केवळ वीज खर्च होते. कार्यालयातून उठताना पंखा बंद करणे ही शिस्त या कारणासाठी आवश्यक आहे.

हवा त्वचेपेक्षा अधिक तापली, म्हणजे पंख्याचे काम उलटू लागते. हवेची झळ तो अंगावर आणून सोडतो. घाम भरपूर येत असेल, तोवर बाष्पीभवनाचा लाभ या हानीवर मात करतो. परंतु हवा फार तापली आणि फार कोरडी झाली की घाम येताक्षणीच वाळतो. तेव्हा पंख्याने आणखी वाळविण्याजोगे काही उरत नाही, केवळ झळ उरते. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी यासंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. ४० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असलेल्या दमट हवेत पंख्यामुळे शरीरावरील ताण कमी झाला. मात्र ४७ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या हवेत पंख्याने तो वाढविला. यातील दुसरी स्थिती म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील मे महिन्याची दुपारच होय. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला असा की, ४० अंशांहून अधिक तापमानात केवळ पंख्यावर विसंबू नये.

वृद्धांना घाम कमी येतो. काही आजारांत आणि काही औषधांमुळेही तो कमी होतो. म्हणून ही मर्यादा त्यांच्या बाबतीत आधीच गाठली जाते, हे कुटुंबीयांनी ध्यानात घ्यावयास हवे.

ऋतूनुसार साधन

याचा अर्थ पंखा निरुपयोगी आहे, असा नव्हे. वर्षातील बहुतेक काळ तोच सर्वांत स्वस्त व उत्तम साधन आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाळ्याच्या दमट दिवसांत आणि ऑक्टोबरच्या उष्म्यात पंखा आपले काम चोख बजावतो. प्रश्न आहे तो एप्रिलच्या मध्यापासून मृग बरसेपर्यंतच्या काळाचा.

या काळासाठी विदर्भाने आपले साधन फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत जुनीच आहे. आजचा कूलर हे तिचेच यांत्रिक रूप. कोरडी तप्त हवा ओल्या ताट्यांतून आत येताना पाण्याची वाफ करते आणि त्यात तिची स्वतःची उष्णता खर्च होते. ४५ अंशांची कोरडी हवा अशा रीतीने ३० अंशांच्या आसपास आणता येते. तथापि, आत आलेली ओलसर हवा बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी थोडी उघडी असणे आवश्यक आहे. सर्व दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला तर काही वेळातच खोली कोंदट होते. पाऊस सुरू झाला की हवेतच ओलावा असल्यामुळे कूलर निष्प्रभ ठरतो आणि पुन्हा पंख्याची पाळी येते.

ज्या घरी कूलर नाही, तेथे हेच तत्त्व साध्या रीतीने उपयोगी पडते. अंग ओल्या कापडाने पुसून किंवा ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसल्यास घामाची उणीव पाणी भरून काढते. पंख्याला पाण्याची जोड द्यावी, हे या भागातील उन्हाळ्याचे सूत्र मानावयास हरकत नाही.

खोलीनुसार पंखा

छताचे पंखे पात्यांच्या घेरावरून ओळखले जातात. ९००, १०५०, १२०० आणि १४०० मिलिमीटर हे प्रचलित आकार आहेत. सर्वसाधारण खोलीसाठी १२०० मिलिमीटरचा पंखा योग्य ठरतो. राष्ट्रीय इमारत संहितेत यासाठी एक सुलभ हिशेब दिला आहे. खोलीची लांब बाजू जितके मीटर असेल, त्या संख्येस ५५ ने गुणावे. दर मिनिटास तितके घनमीटर हवा हलविणारा पंखा त्या खोलीस पुरतो. खोली ४ मीटर लांब असेल तर २२० घनमीटर हवा हवी, म्हणजे १२०० मिलिमीटरचा एक चांगला पंखा पुरे. ८ मीटर लांबीच्या वर्गखोलीस ४४० घनमीटर, म्हणजे असे दोन पंखे लागतील. वर्गाच्या मधोमध एकच पंखा टांगला तर कडेच्या बाकांवरील मुले उकाड्यातच बसतात, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

पंख्याची उंचीही महत्त्वाची आहे. छत व पाती यांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर असावे, अन्यथा पंख्याला वरून पुरेशी हवा मिळत नाही. ३ मीटर उंचीच्या खोलीत पाती जमिनीपासून सुमारे २.४ मीटरवर, म्हणजे ८ फुटांवर असणे योग्य. ठेंगण्या टिनाच्या खोलीत हे अंतर राखणे अशक्य असते. अशा ठिकाणी छताचा पंखा टांगल्यास हात लागून इजा होण्याची भीती असते. शिवाय तापलेल्या टिनाखाली साचलेली गरम हवाच तो खाली ढकलतो. तेथे भिंतीवरचा किंवा उभा पंखा बरा. त्याची जाळी लहान मुलाचे बोट आत जाणार नाही इतकी दाट असावी.

छताचा उपाय पंख्याच्या उपायाआधी करावा. कवेलूची घरे टिनाच्या घरांपेक्षा थंड असत, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. टिनावर अथवा गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा लेप दिल्यास ऊन मोठ्या प्रमाणात परतविले जाते. टिनाखाली बांबूच्या तट्ट्यांचे आढे केल्यास झळ कमी होते. असे झाले म्हणजे तोच पंखा अधिक सुखद वाटतो. रात्री बाहेरची हवा निवल्यावर खिडकी उघडून टेबल पंखा तिच्याजवळ ठेवावा व बाहेरची हवा आत घ्यावी. स्वयंपाकघरात, तसेच गर्दीच्या कार्यालयात, गरम हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा अधिक उपयोगी असतो.

विजेचा हिशेब

घुग्घुस परिसरात कोळसा निघतो आणि याच जिल्ह्यातील २,९२० मेगावॉट क्षमतेच्या चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्रात कोळसा जाळून वीज तयार होते. त्या कोळशाची धूळ आणि धग ज्या जिल्ह्याला सोसावी लागते, तेथे विजेच्या प्रत्येक युनिटचे मोल वेगळे सांगावयास नको.

जुन्या पद्धतीचा १२०० मिलिमीटरचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो. बीएलडीसी मोटार असलेला नवा पंखा तितकीच हवा सुमारे ३० वॉटमध्ये देतो. दिवसाला १५ तास पंखा चालल्यास पहिला सव्वा युनिटच्या जवळपास वीज घेईल, तर दुसरा अर्ध्या युनिटहूनही कमी. वर्षातील आठ महिने, म्हणजे २४० दिवस धरल्यास एका पंख्यामागे सुमारे १६० युनिटांची बचत होते. युनिटला ८ रुपये दर धरला तर ही बचत जवळपास १,३०० रुपयांची होईल. प्रत्यक्ष दर आपल्या वीजदेयकावर पाहून हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. दहा-बारा पंखे असलेल्या शाळेस अथवा कार्यालयास तो विशेष उद्बोधक ठरेल.

छताच्या पंख्यांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले आहे. एका वॉटमागे पंखा किती हवा हलवितो, यावरून हे तारे ठरतात. खरेदीच्या वेळी केवळ किंमत व रंग न पाहता लेबल, आयएसआय चिन्ह आणि हवेचे प्रमाण ही तीन अंगे पाहावीत. जुन्या पंख्याला पेटीसारखा मोठा रेग्युलेटर असेल, तर तो बदलून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवावा. कारण जुन्या रेग्युलेटरमध्ये पंखा मंद केला तरी वाचलेली बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

पंखा मंद झाला म्हणजे तो निकामी झाला, असे नाही. पुष्कळदा त्यातील कंडेन्सर कमजोर झालेला असतो व अल्प खर्चात तो बदलता येतो. घुग्घुससारख्या ठिकाणी कोळशाची व सिमेंटची धूळ पात्यांवर लवकर बसते. धुळीने जड झालेली पाती हवा कमी फेकतात आणि पंखा डुलू लागतो. उन्हाळ्यापूर्वी एकदा, आणि त्यानंतर दर पंधरवड्याने, वीज बंद करून पाती पुसावीत.

सुरक्षिततेची काळजी

लोखंडी कूलर, पाणी आणि विजेची सैल तार यांचा संयोग प्राणघातक ठरू शकतो. कूलरला व लोखंडी उभ्या पंख्याला तीन पिनांची जोडणी आणि योग्य अर्थिंग असलेच पाहिजे. कूलरमध्ये पाणी भरताना बटन बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढून मगच पाणी भरावे. ओल्या हाताने अथवा अनवाणी उभे राहून कूलरला स्पर्श करू नये. घरात गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिॲम्पिअरचे संरक्षक यंत्र बसविणे हितावह आहे. उन्हाळ्याच्या आरंभी जाणत्या वायरमनकडून जोडणी तपासून घेण्याचा खर्च कोणत्याही घरास परवडणारा आहे.

गावाची जबाबदारी

या माहितीचा उपयोग घरापुरता राहू नये. पंचायतीने व नगर परिषदेने आपल्या शाळा, अंगणवाड्या, दवाखाने आणि सभागृहे यांतील पंख्यांची मार्चमध्येच पाहणी करावी आणि छतांना चुन्याचा लेप द्यावा. वाचनालय किंवा समाजमंदिरातील एखादी खोली कूलर व पिण्याच्या पाण्यासह दुपारी सर्वांसाठी खुली ठेवल्यास टिनाच्या घरांत राहणाऱ्यांना मोठा आसरा मिळेल. कारखानदारांनी व दुकानदारांनी कामगारांसाठी पंख्यासोबत थंड पाणी, सावली आणि विसाव्याची वेळ यांची तरतूद करावी. सकाळच्या शाळेत शिक्षकांनी पंख्याचे आणि बाष्पीभवनाचे तत्त्व मुलांना शिकवावे. ओला हात पंख्यासमोर धरून हा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतो. मूल ते घरी आजी-आजोबांना सांगेल, तेव्हा तो धडा खऱ्या अर्थाने पुरा होईल.

आणि एवढी काळजी घेऊनही एखाद्यास ऊन लागले, त्याचे अंग तापले, तो असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत त्यास सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांग पाण्याने भिजवावे आणि मग पंख्याचा वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्यास पाणी पाजू नये. कोरड्या अंगावर झळ आणणारा तोच पंखा ओल्या अंगावर प्राण वाचविणारा ठरतो. पंख्याची निवड करताना ही एक गोष्ट घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी.